पॅरिसचा घेर आणि साखरेचे मोती

तुमची आई नऊ वर्षांची होती तेव्हा एका हिवाळ्यात काही दिवस ती आमच्या घरातल्या एकाही दारातून सरळ गेली नाही. खेकड्यासारखी आडवी जायची. तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना हातभर सांगाडा होता आणि त्यावर निळा घागरा. जेवायला बसली की दोन्हीकडच्या खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागत. हे सगळं मी क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण तुमची आई ही गोष्ट शेवटापासून सुरू करते आणि मग हसण्यात बाकीचं राहूनच जातं.

तेव्हा आम्ही अमेरिकेत शॉमबर्गला राहत होतो. तुमचे आजोबा तिथल्या एका कंपनीत इंजिनियर होते. मी पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. केलं होतं, त्यामुळे अठरावं शतक आपल्याला चांगलं माहीत आहे असा माझा समज होता. खरं तर मला त्या शतकातली पुस्तकं माहीत होती. त्या माणसांनी अंगावर काय घातलं होतं आणि ते घालून ती हलत कशी होती, हा विचार कधी मनात आला नव्हता.

तो आणला तुमच्या आईच्या बॅलेच्या बाईंनी. त्या गुडघ्याला जाड पट्टा बांधून वर्गात येत आणि खुर्चीत बसून शिकवत. पावलं हातांनी दाखवत: दोन तळहात म्हणजे दोन पाय. त्यांचे तळहात इतके छान नाचत की मुली स्वतःचे पाय विसरून तिकडेच बघत राहत. हिवाळ्यातल्या कार्यक्रमासाठी त्यांनी फ्रान्सच्या राजदरबारातला नाच निवडला आणि पालकांना बोलावून समजावून सांगितलं.

बॅले म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुलाबी मोजे आणि पिसासारखा फ्रॉक येतो. तेव्हा तसलं काही नव्हतं. बाया जरीचे जड झगे घालत, पोटाला देवमाशाच्या हाडाच्या पट्ट्या घातलेली चोळी आवळत, पायात टाचांचे बूट आणि डोक्यावर पिठाने पांढरा केलेला केसांचा टोप. घागऱ्याच्या आत दोन्ही बाजूंना वेताचा सांगाडा, त्यामुळे बाई पुढून पाहिली तर दिवाणाएवढी आणि बाजूने पाहिली तर फळीएवढी. पुरुषसुद्धा आतून ताठ केलेला आखूड घागरा घालून, चामड्याचा मुखवटा लावून आणि डोक्यावर शहामृगाची पिसं खोवून नाचत.

"पुरुषसुद्धा?" मागून एका बाबाने विचारलं.

"राजासुद्धा," बाई म्हणाल्या आणि वडीलमंडळींवरून सावकाश नजर फिरवली.

तुमचे आजोबा माझ्या कानाशी म्हणाले, "माझं नाव आलं तर मी ऑफिसच्या कामाने डेट्रॉइटला आहे."

"तुम्ही माझ्या शेजारी बसलाय."

"तरी सांग."

त्यांचं नाव आलं नाही, पण सांगाड्याचं काम त्यांच्याकडे आलं. कारण तुमच्या आईला एकटीचा नाच मिळायची शक्यता होती. त्या शतकात पॅरिसमध्ये एक नर्तकी होती, बाई सांगत, जी उडी मारून हवेतच पायांची अदलाबदल करायची. ही उडी तोवर पुरुषांची समजली जाई. तिच्या लक्षात आलं की एवढी मेहनत घागऱ्याखाली झाकून जाते. तिने बुटांच्या टाचा काढल्या आणि घागरा घोट्याच्या वर घेतला. पॅरिसभर बोभाटा झाला. पुढे म्हणे नाचणाऱ्या बायकांनी आत चड्डी घातलीच पाहिजे असा नियम आला. वर्गातल्या मुलींना ही गोष्ट अर्थातच सगळ्यात जास्त आवडली.

त्या नर्तकीचा नाच दोन मुलींना शिकवला होता: तुमच्या आईला आणि तांबड्या केसांच्या, तिच्याच उंचीच्या एका मुलीला. दोघींच्या उड्या चांगल्या होत्या. संपूर्ण वेश अंगावर घेऊन जी नीट नाचेल ती स्टेजवर जाईल, दुसरी पंख्यावाल्या मुलींच्या रांगेत उभी राहील, असं बाईंनी सांगितलं. आणि एक अट होती. वेशात एक जरी गोष्ट कमी असली तरी स्टेजवर पाऊल ठेवायचं नाही.

तुमच्या आईला तो नाच हवा होता, आणि तो कोणासाठी हवा होता तेही मला माहीत होतं. घरी ती ही उडी दिवसभर मारायची. आजोबा वर्तमानपत्र खाली करून बघायचे आणि म्हणायचे, "छान उडी मारलीस."

"बाबा, पाय बदलले."

"कधी?"

"आत्ता. हवेत."

"मला तर तू वर गेलीस आणि खाली आलीस एवढंच दिसलं."

"बाबा, यू ब्लिंक्ड."

पुन्हा उडी. पुन्हा आजोबांना काही दिसत नसे. ते चिडवत नव्हते, त्यांना खरोखरच दिसत नव्हतं. डोळे बारीक करून, चष्मा पुसून, एकदा तर जमिनीवर पालथे झोपून त्यांनी पाहिलं. तुमच्या आईने मनाशी ठरवलं की स्टेजवर दिवे असतात, तिथे बाबाला दिसेल.

सांगाड्यासाठी आजोबांनी मुलींच्या खेळण्यातली दोन प्लॅस्टिकची मोठी रिंगणं आणली, करवतीने अर्धी कापली आणि पट्ट्यांनी एकाखाली एक बांधली. तोल साधेपर्यंत तुमच्या आईला ते स्वयंपाकघरात उभी करून दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे बटाटे लटकवत. शेजारच्या गल्लीतल्या काकू ते बघायला म्हणून आल्या आणि मग कार्यक्रम होईपर्यंत रोज येत राहिल्या.

काकू मूळच्या नागपूरच्या. शॉमबर्गच्या इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. माणसाला झोपवायचं काम करणारी बाई इतकी बोलते कशी, हे मला कधी कळलं नाही.

"काय भाऊजी, पोरीला लग्नाच्या मांडवात पाठवता का बाजारात?" बटाट्यांकडे बघून त्या म्हणाल्या.

"हे इंजिनियरिंग आहे."

"बाप्पा! मला वाटलं रस्सा आहे."

राहिले दागिने. बाईंना प्लॅस्टिकचे मोती चालत नव्हते. दिव्याखाली ते नळाच्या तोटीसारखे चकाकतात, असं त्यांचं म्हणणं. खऱ्या मोत्याची चमक आतून यायला हवी. मी दुकानं पालथी घातली. मग आमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. तिथे एका नव्या सुनेला काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घातले होते आणि मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला वाण घेऊन उभी होते. तिथून ते हुबेहूब दरबारी मोती दिसले. पांढरे, खरखरीत, दिव्याचा उजेड पिऊन बसलेले. मी काकूंचा दंड धरला.

"हलवा," मी म्हणाले.

"घ्या की, ताटात आहे."

"खायला नाही. फ्रेंच दरबाराला."

काकूंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या सुनेकडे बघितलं. "पाक माझा," त्या म्हणाल्या. "शिवण तुमची."

तुम्ही हलवा विकतचा पाहिलाय, म्हणून सांगते. मंद आचेवर परात ठेवायची, त्यात तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा, चमच्या-चमच्याने साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. बोटं भाजतात. तासन्तास केलं की दाण्यावर साखरेचा काटा फुलतो. त्याला कोरडी थंडी लागते, आणि शॉमबर्गच्या जानेवारीत ती पुण्यापेक्षा दसपट मिळते. असा काटा आला की काकू नातेवाइकांना फोन करून सांगू लागल्या. आम्ही हार केला, बाजूबंद केले, कंबरपट्टा केला, टोपात खोवायचा तुरा केला. तरी हलवा उरला, म्हणून घागऱ्याच्या काठावर झालरीसारखे पदर लावले. कुठे थांबायचं ते आम्हाला कळेना. काकू म्हणाल्या की राणीलाही कळत नसणार.

रंगीत तालमीच्या दिवशी बाईंनी हार हातात घेऊन उजेडात धरला. "अखेर," त्या म्हणाल्या, "अखेर एका आईला मोती म्हणजे काय ते कळलं." तो कशाचा आहे हे त्यांनी विचारलं नाही, आणि मला सांगायचं सुचलंही नाही. आमच्याकडे तो दागिनाच असतो.

तुमची आई त्या वेशात अशी चालली की जणू जन्मभर तेच घालत होती. दारातून आडवं जायची सवय कामी आली. दुसऱ्या मुलीचा सांगाडा वळताना पडद्यात अडकला. नाच तुमच्या आईला मिळाला.

पण गाडीत बसल्यावर ती स्वतःच्या पायांकडेच बघत बसली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, पाय नाही दिसत. मी आरशात पाहिलं. मी वर जाते तर घागरा तसाच खाली लोंबतो. पाय बदलतात ते आतच."

"आणखी थोडा वर घेऊ."

"बाईंना विचारलं. त्या म्हणतात, पॅरिसमध्ये तेवढ्यावरच बोभाटा झाला होता." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बाबाला नाहीच दिसणार."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी बर्फ पडत होता. चोळीचे हूक तुटत होते म्हणून काकूंनी तुमच्या आईला घरीच त्या कपड्यात शिवून टाकलं. "हे टाके आता मीच काढीन," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाची टाप नाही." मग प्रश्न आला, गाडीत कसं न्यायचं. बसता येईना, उभं राहता येईना. शेवटी स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात गादी घालून तिला आडवं झोपवलं. सांगाडा छपराला टेकला. काकू तिच्या उशाशी बसल्या. आजोबांना आरशात मागचा रस्ता दिसेना, सगळीकडे निळं रेशीम.

"मागे कोणी आहे का?" ते लेन बदलताना विचारत.

"फ्रान्स आहे," काकू म्हणत.

तुमची आई झोपल्या झोपल्या इतकी हसत होती की सांगाडा छपरावर टकटक वाजत होता. प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक आत डोकावत आणि आजोबा त्यांना मान लववून नमस्कार करत.

नाटकगृहात मी तिला रंगपटात सोडलं, टोपावर तांदळाच्या पिठीचा आणखी एक हात मारला आणि बाहेर कॉफी घ्यायला गेले. परत आले तर आतून खुदखुदण्याचा आवाज. आत मधोमध तुमची आई हात पसरून उभी होती, कारण बसता येत नव्हतं. तिच्याभोवती कागदी पंख लावलेल्या, मदनाच्या वेशातल्या चिमुकल्या पोरी जमिनीवर बसून, गुडघ्यांवर उभ्या राहून तिला खात होत्या. एक बाजूबंदाला लागली होती, एक कंबरपट्ट्याला. झालरीचे पदर तर केव्हाच संपले होते. तांबड्या केसांची मुलगी हाराशी उभी होती, दोन्ही गाल फुगलेले.

"हे काय चाललंय?"

"बोरन्हाण," तुमची आई म्हणाली.

झालं असं होतं. एका चिमुरडीने विचारलं, मोती खरे आहेत का. तुमच्या आईने सांगितलं, खरे नाहीत, गोड आहेत. मग तिने सांगितलं की आमच्याकडे लहान बाळाला हे दागिने घालतात, त्याच्या डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओततात आणि बाकीची मुलं सगळं लुटतात. लुटायचंच असतं. लुटलं नाही तर बाळाला बरं नसतं. शेवटचं वाक्य तिने पदरचं घातलं होतं. सभ्य घरच्या त्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बाळाच्या भल्यासाठी कामाला लागल्या.

मला रागवायचं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून हसू बाहेर पडलं, मग थांबेचना. भिंतीला टेकून मी हसत होते, मुली हसत होत्या, एकीला उचकी लागली. तेवढ्यात बाई आल्या.

तुमच्या आईचा चेहरा क्षणात उतरला. तिने मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. गळ्यात नुसते दोरे. दंडावर जरीच्या कागदाचे तुकडे. ती मराठीत, अगदी हळू म्हणाली, "आई, आता त्या मला स्टेजवर सोडणार नाहीत."

मलाही ते त्याच वेळी कळलं. वेशात एक गोष्ट कमी असली तरी पाऊल नाही. इथे तर एकही दागिना उरला नव्हता, आणि शेजारीच संपूर्ण वेशातली तांबड्या केसांची मुलगी उभी होती.

"मोती कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"खाल्ले," तुमची आई म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, साखर आणि तीळ. बाई तांबड्या केसांच्या मुलीकडे वळल्या. "तू तयार आहेस?"

तिने ओठ आणखी घट्ट मिटले. गाल तसेच.

"तोंड उघड."

तिने मान हलवली. नाही.

"उघड."

तिने उघडलं. आत हारातला मधला मोठा मोती होता. बाईंनी खूप वेळ तो पाहिला. मग जमिनीवरचा एक दाणा उचलला, फुंकर मारली, आणि आपल्या तोंडात टाकला. रंगपटात फक्त त्यांच्या दातांचा आवाज.

"त्याच शतकात," त्या चावता चावता म्हणाल्या, "आणखी एक बाई होती. ती एके दिवशी टोप न घालता, सांगाडा न घालता, साध्या मलमलीत स्टेजवर आली. लोक खुर्च्यांवर चढून बघायला लागले." त्यांनी कात्री मागितली. गळ्यातले दोरे कापले, दंडावरचा कागद कापला. टोप उचलला, तर पिठी आणि पाक मिळून त्याची खीर झाली होती. तो त्यांनी दोन बोटांनी बाजूला ठेवला. आतून तुमच्या आईच्या दोन काळ्या वेण्या सुटल्या. मग त्यांनी सांगाड्याला हात घातला.

"तो निघणार नाही," मी म्हणाले. "शिवलाय. डॉक्टरांनी."

"मग असू दे," बाई म्हणाल्या. "जा. आणि तोंड पूस."

मी धावत प्रेक्षागृहात आले आणि आजोबा आणि काकू यांच्यामध्ये बसले. काही सांगायला वेळच नव्हता, व्हायोलिनं सुरू झाली होती. तुमची आई आली. वेण्या, निळा घागरा, बाकी काही नाही.

"दागिने?" काकू कुजबुजल्या.

"खाल्ले."

"कोणी?"

"सगळ्यांनी."

काकूंनी पदर तोंडात कोंबला.

आणि तुमच्या आईने उडी मारली. तालमीत तो घागरा दगडासारखा लोंबायचा, कारण काठावर शेरभर साखर होती. आता ती पोरींच्या पोटात होती. तुमची आई खाली येऊ लागली, पण घागरा आला नाही. तो प्लॅस्टिकच्या रिंगणांसकट छत्रीसारखा वरच राहिला. खाली दोन पाय स्वच्छ दिसले: अदलाबदल, पुन्हा अदलाबदल, जमीन. आणि गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला लाल फ्लॅनेलचा पायजमाही दिसला. थंडी म्हणून काकूंनी तोही आतच शिवून टाकला होता.

सगळं प्रेक्षागृह हसलं. वाईट हसू नव्हतं, पण मोठं होतं. तुमची आई थबकली. तिला वाटलं असेल, झालं, संपलं. तिने विंगेकडे पाहिलं. मला बाई दिसत नव्हत्या, फक्त काळ्या पडद्याच्या कडेला दोन तळहात दिसले. ते वर उडाले, हवेत एकमेकांना ओलांडून गेले आणि खाली आले. मग पुन्हा, जास्त उंच.

तुमच्या आईने वेण्या मागे टाकल्या आणि उडाली. आणखी एकदा. आणखी एकदा. आता तिलाच मजा येऊ लागली होती, आणि लोक हसता हसता टाळ्या वाजवू लागले होते. व्हायोलिनवाले तिच्यामागून धावत होते.

आजोबा हसले नाहीत. ते पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून वाकले होते.

"अगं," ते म्हणाले, "खरंच बदलतात की."

"मग ती इतके दिवस काय सांगत होती, भाऊजी?" काकू म्हणाल्या.

"श्श. बघू द्या."

नंतर रंगपटात काकू टाके कापत होत्या. लोक का हसले ते तुमच्या आईने विचारलं नाही, पायजम्याचंही काही नाही. अंगातून सांगाडा निघायच्या आधी मान वळवून तिने आजोबांना एवढंच विचारलं, "या वेळी डोळे मिटलेस?"

"नाही," आजोबा म्हणाले. "एकदाही नाही."